आमच्या घाबरण्याची काळजी तुम्ही करू नका : गोव्यातल्या शास्त्रज्ञांना खुले पत्र

प्रति,
समुद्र, हवामान, ध्रुवांवरचे बर्फ आणि रोगजंतू यांचा गोव्यात राहून अभ्यास करणारे सर्व शास्त्रज्ञ

सविनय नमस्कार.

मी पेडणे तालुक्यातल्या एका माध्यमिक विद्यालयात विज्ञान शिकवते. हे पत्र टपालानेही पाठवता आले असते. पण ज्यांच्या वतीने तुम्ही परस्पर निर्णय घेता, त्यांनीही ते वाचावे म्हणून खुले लिहिते आहे.

निमित्त असे. मध्यंतरी पणजीत हवामानबदलावर एक व्याख्यान झाले. वक्ते गोव्याबाहेरचे, विषयात मुरलेले. पडद्यावर आकडा आला: या शतकाच्या अखेरपर्यंत समुद्राची पातळी साधारण २८ सेंटिमीटर ते १ मीटर वाढेल, उत्सर्जन किती आटोक्यात येते त्यावर ते ठरेल. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक तज्ज्ञ मंडळाच्या २०२१च्या अहवालातलाच हा आकडा, त्यात चूक काही नाही. पण त्याच अहवालात असेही म्हटले आहे की बर्फाचे अवाढव्य थर कसे कोसळतात हे अजून नीट कळलेले नाही, त्यामुळे उत्सर्जन फारच वाढले तर २१०० सालापर्यंत २ मीटरच्या आसपासची वाढही नाकारता येत नाही. पडद्यावर हे कुठेच नव्हते. चहाच्या वेळी मी वक्त्यांना गाठून विचारले. ते हसून म्हणाले, "मॅडम, तो आकडा लोकांसाठी नसतो. लोक उगाच घाबरतात." भोवतीच्या तिघाचौघांनी मान डोलावली. ते इथलेच होते. म्हणून हे पत्र वक्त्यांना नाही, तुम्हाला आहे.

माझ्या वर्गातली बरीच मुले शापोरा नदीच्या काठची. त्यांच्या घरांमागे खाजन शेती आहे. भरतीचे पाणी अडवून पिढ्यान्‌पिढ्या राखलेली ही जमीन. बाहेरच्या अंगाला चिखल आणि दगडांचा बांध, त्यात मानस. भरतीचे पाणी आत ढकलू लागले की मानशीची लाकडी दारे आपसूक मिटतात, ओहोटी लागली की उघडतात. आत कोरगूट भात पिकते, कारण थोडे खारे पाणी त्याला चालते. अलीकडे एका ठिकाणी बांध फुटला, शेतात खारे पाणी शिरले. दुरुस्तीच्या बैठकीत वाद एकाच गोष्टीवर: बांध किती वर घ्यायचा? कोणी म्हणे हातभर पुरे, कोणी म्हणे दोन हात घ्या, पुन्हा पैसा कधी मिळेल कोणास ठाऊक. त्या बैठकीत तुमच्या अहवालातला २ मीटरचा आकडा कोणी सांगितला असता तर एकही माणूस ओरडत पळाला नसता. त्यांनी विचारले असते, शक्यता किती? आणि तुम्ही "नक्की सांगता येत नाही, पण नाही असेही म्हणता येत नाही" असे उत्तर दिले असते, तर तेही त्यांना समजले असते. बांधाची कामे करणारा माणूस शंभर टक्के खात्री होईपर्यंत कधीच थांबलेला नसतो.

तर माझी पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार ही की आम्ही किती घाबरू याचा अंदाज तुम्ही आम्हाला न विचारता बांधता आणि त्या मापाने माहिती कापता. हा अंदाजही तुमच्या अभ्यासातून आलेला नाही. आपत्तीत माणसे कशी वागतात याचा अभ्यास करण्यात एन्रिको क्वारंटेली या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने आयुष्य घालवले. त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना पुन्हा पुन्हा हेच दिसले की सामूहिक घबराट सिनेमात दिसते तेवढी प्रत्यक्षात होत नाही. लोक बहुधा शेजाऱ्याला हाक मारतात आणि कामाला लागतात. आपल्याकडचेच आठवा. मार्च २०२०मध्ये गोव्यात किराणा दुकानेसुद्धा बंद झाली, तेव्हा लोक सैरभैर झाले ते विषाणूविषयी फार कळले म्हणून नव्हे. उद्या तांदूळ कुठे मिळणार हे कोणी सांगत नव्हते म्हणून.

आणि उगाच दिलेला धीर किती महाग पडतो हे इटलीतल्या ल'अक्विला शहराने पाहिले आहे. २००९मध्ये तिथे महिनोन्‌महिने लहान धक्के बसत होते. ३१ मार्चला तज्ज्ञांची बैठक झाली. बैठकीआधीच एका अधिकाऱ्याने टीव्हीवर सांगितले की धक्क्यांतून ऊर्जा बाहेर पडते आहे, हे चांगलेच. लोकांनी निवांत वाइनचा पेला घ्यावा, या सूचनेलाही त्याने होकार भरला. ६ एप्रिलच्या पहाटे मोठा भूकंप झाला आणि ३००हून अधिक माणसे गेली. धक्का बसला की रात्र उघड्यावर काढायची, ही तिथली जुनी रीत. त्या आश्वासनामुळे काहीजण घरातच थांबले, असे नातेवाइकांनी न्यायालयात सांगितले. २०१२मध्ये सहा शास्त्रज्ञ आणि तो अधिकारी दोषी ठरले. २०१४मध्ये शास्त्रज्ञ अपिलात सुटले, अधिकाऱ्याची शिक्षा कमी झाली. शास्त्रज्ञांना तुरुंगात धाडणे मला मुळीच पटलेले नाही. भूकंपाचे भाकीत कोणालाच करता येत नाही. पण "सांगता येत नाही" हे सांगण्याऐवजी "काही होणार नाही" हे लोकांपर्यंत पोहोचले आणि तज्ज्ञांनी ते खोडून काढले नाही, हे विसरता येत नाही.

दुसरी तक्रार उलट टोकाची. तुमची बिरादरी कधी कधी घाबरवते, चांगलीच घाबरवते, आणि मग निघून जाते.

शिकागोच्या अणुशास्त्रज्ञांच्या नियतकालिकाने १९४७मध्ये ते प्रसिद्ध घड्याळ लावले. त्यातली मध्यरात्र म्हणजे जगाचा सर्वनाश. तेव्हा मध्यरात्रीला ७ मिनिटे होती. शीतयुद्ध सरताना, १९९१मध्ये, काटे १७ मिनिटांपर्यंत मागे गेले. जानेवारी २०२५मध्ये ८९ सेकंद उरले, आदल्या वर्षी ९० होते. दर जानेवारीला बातमी येते, मुले कात्रण घेऊन येतात आणि विचारतात, "टीचर, आता?" एक सेकंद सरकला म्हणून पेडण्यातल्या माणसाने सोमवारी सकाळी नेमके काय करायचे? आमच्या मच्छीमारांच्या घरात भिंतीवर भरती-ओहोटीचे कोष्टक असते. ते बघून माणूस होडी काढतो किंवा काढत नाही. तुमच्या घड्याळाकडे बघून काय करायचे हे कोणी लिहून ठेवलेले नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेचेही तेच. मे २०२३मध्ये एका वाक्याचे निवेदन निघाले: या तंत्रज्ञानामुळे मानवजात नष्ट होण्याचा धोका कमी करणे हे महासाथी आणि अणुयुद्ध यांच्याइतकेच जागतिक प्राधान्य असले पाहिजे. सही करणाऱ्यांत या क्षेत्राचा पाया घालणाऱ्यांपैकी एक, जेफ्री हिंटन होते, ज्यांना पुढे नोबेल मिळाले, आणि हीच यंत्रे बनवणाऱ्या कंपन्यांचे प्रमुखही होते. हिंटन यांनी निदान मोकळेपणाने बोलता यावे म्हणून आधी नोकरी सोडली होती. कंपन्यांचे प्रमुख मात्र सही करून पुन्हा तेच काम करू लागले. (माझ्या नववीच्या वर्गाने यावर जे प्रश्न विचारले ते एखाद्या संसदीय समितीलाही सुचले नसते.)

२०२२मध्ये 'नेचर फूड'मध्ये एक अभ्यास आला. अणुयुद्धात शहरे जळून काजळी वर गेली, सूर्यप्रकाश अडला, तर पिकांचे काय होईल याचा तो हिशेब होता. भारत-पाकिस्तान युद्धाच्या मोठ्या शक्यतेत जगभर २०० कोटींहून अधिक माणसे उपासमारीने मरू शकतात, अमेरिका-रशिया युद्धात ५०० कोटींहून अधिक. बातमी आली आणि गेली. पण त्यात काम दडलेले आहे. आमची भाजी बेळगावहून येते. चोर्ला घाट बंद पडला की म्हापशाच्या बाजारात लगेच कळते. गोव्यात किती दिवसांचे धान्य असते, कोरगूटसारखे स्थानिक बियाणे कोणाकडे उरले आहे, पडीक खाजनांपैकी किती पुन्हा लागवडीखाली येतील, हे प्रश्न त्या अभ्यासातून सरळ निघतात. अणुयुद्ध न होवो. पण या तयारीचा उपयोग महासाथीत, दुष्काळात, घाटात दरड कोसळली तरीही आहेच. तो धागा जोडून द्यायला गोव्यातून कोणी पुढे आले नाही.

हे जमत नाही असे म्हणू नका. १६ सप्टेंबरला आमच्या शाळेत ओझोन दिन होतो, तेव्हा मी मुलांना हीच गोष्ट सांगते. १९७४मध्ये मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड यांनी दाखवून दिले की फ्रिजमधला आणि स्प्रेच्या डब्यांतला सीएफसी वायू वर जाऊन ओझोनचा थर खातो. शोधनिबंध छापून ते थांबले नाहीत. कोणता वायू बंद करा, कोणत्या वस्तूत तो असतो, हे त्यांनी पत्रकारांपुढे आणि संसदेच्या समित्यांपुढे जाऊन सांगितले. उद्योगांनी त्यांची टर उडवली. तरी अमेरिकेत कायदा येण्याआधीच घराघरांतून ते डबे घेणे कमी झाले, १९७८मध्ये बंदी आली. १९८५मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकावरचे ओझोनचे छिद्र जाहीर केले आणि दोनच वर्षांत माँट्रियल करार झाला. आज तो थर भरून येतो आहे. अंटार्क्टिकावर २०६६च्या सुमारास १९८०च्या पातळीला पोहोचेल असा अंदाज आहे. भीती तीही जागतिकच होती. पण दुकानात उभ्या असलेल्या बाईलाही त्यात काहीतरी करता येत होते. आणि अंटार्क्टिका गोव्याला परका नाही: भारताची पहिली मोहीम डिसेंबर १९८१मध्ये इथूनच निघाली, आजही ध्रुवीय संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र वास्कोला सड्यावर आहे. असे शेजार फार थोड्या शाळांना लाभते.

तिसरी तक्रार: आकडा बदलला की तुम्ही परत येत नाही.

कुवेत म्हटले की गोव्यात जवळजवळ प्रत्येक वाड्यावर कोणीतरी आठवते. १९९१च्या युद्धात तिथल्या तेलविहिरी पेटल्या तर धूर उंच जाऊन दक्षिण आशियातली शेती धोक्यात येईल, असा इशारा अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांनी दिला होता. ६००हून अधिक विहिरी पेटल्या, आखातावर भरदुपारी अंधारले, पण धूर फारसा उंच गेला नाही आणि आशिया वाचला. सेगन यांनी आपला अंदाज चुकल्याचे नंतर स्वतःच लिहिले. मला त्यांच्याविषयी आदर आहे तो यासाठी. याउलट हिमालयातल्या हिमनद्या २०३५पर्यंत नाहीशा होण्याची शक्यता फार मोठी आहे, हे आयपीसीसीच्या २००७च्या अहवालातले विधान चुकीचे होते. खेद व्यक्त व्हायला जानेवारी २०१० उजाडला, आणि तोवर हवामानबदल हेच थोतांड म्हणणाऱ्यांना आयते कोलीत मिळाले. कोविड हवेतून पसरत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २८ मार्च २०२०ला ठासून सांगितले. पुढे भूमिका बदलली, पण थोडी थोडी, दबक्या आवाजात. जेवढ्या मोठ्याने इशारा दिला तेवढ्याच मोठ्याने दुरुस्ती का होत नाही?

होऊ शकते. फेब्रुवारी २०२५मध्ये '२०२४ वायआर४' हा लघुग्रह २२ डिसेंबर २०३२ला पृथ्वीवर आदळण्याची शक्यता ३.१ टक्क्यांपर्यंत चढली. तो संभाव्य पट्टा अरबी समुद्रावरून आणि दक्षिण आशियावरून जात होता. दगड जग बुडवण्याएवढा नव्हता, पण एखादे शहर उद्ध्वस्त करण्याएवढा नक्की होता. अमेरिकी आणि युरोपीय अंतराळ संस्था आकडे लपवून बसल्या नाहीत. वाढले तेव्हा वाढले म्हणाल्या, नवी निरीक्षणे आली की शक्यता खाली येऊ शकते हेही आधीच सांगितले, आणि आठवडाभरात ती जवळजवळ शून्यावर आली तेव्हा तेही तितक्याच ठळकपणे जाहीर केले. तरी त्या आठवड्यात माझ्या आठवीच्या वर्गात मोबाइलवरचे भलतेच व्हिडिओ फिरत होते. एका मच्छीमाराच्या मुलाने विचारले, "टीचर, मग आमची होडी कुठे ओढून ठेवायची?" वर्ग हसला. मला तो त्या दिवसाचा सर्वांत शहाणा प्रश्न वाटला. मी उत्तरे शोधली ती परदेशी संस्थांच्या पानांवर, रात्री, इंग्रजीतून. गोव्यात एवढे शास्त्रज्ञ असून चार ओळींचे मराठी किंवा कोकणी निवेदन कोणी काढले नाही.

चौथी तक्रार थोडक्यात. तुम्ही आम्हाला श्रोते समजता. आम्ही पहिले पाहणारे आहोत. २०१५मध्ये सत्तरीत माकडताप आला. माकडे मरून पडू लागली, काजूच्या बागांत राबणारी माणसे तापाने फणफणली. हा विषाणू गोचिडीतून येतो, १९५७मध्ये शिमोग्याच्या क्यासनूर रानात तो प्रथम सापडला. प्राण्यांतून माणसांत उतरणारे आजार ही महासाथींची नेहमीची वाट, असे तुम्ही परिषदांत सांगता. मग मेलेले माकड सर्वांत आधी कोणाला दिसणार? बोंडू गोळा करणाऱ्या बाईला. तिने ते कोणाला कळवायचे, हात का लावायचा नाही, हे तिला ठाऊक असणे हा तुमच्या यंत्रणेचा पहिला टप्पा आहे. समुद्राचेही तसेच. २०१७मध्ये ओखी वादळ आले तेव्हा केरळ-तामिळनाडूचे मच्छीमार आधीच दूर समुद्रात होते, इशारा त्यांच्यापर्यंत पोहोचलाच नाही आणि शेकडो परतले नाहीत. त्याच वादळाच्या लाटांनी पौर्णिमेच्या भरतीत आमच्या पेडण्याच्या किनाऱ्यावरचे शॅक मोडले, वादळ शेकडो मैल दूर असताना. ओडिशाने १९९९मध्ये चक्रीवादळात सुमारे १० हजार माणसे गमावली. २०१३च्या फायलिन चक्रीवादळाआधी जवळजवळ १० लाख लोक हलवले गेले आणि मृतांचा आकडा दोन अंकी राहिला. मधल्या काळात तिथे उपग्रह सुधारले हे खरेच. पण निवारे बांधले गेले, गावोगावी स्वयंसेवक तयार झाले, आणि सायरन वाजला की कोणाच्या आजीला कोण उचलणार हे आधी ठरलेले होते.

तुमच्या अडचणी मला दिसत नाहीत असे नाही. तुमच्यापैकी बहुतेकजण सरकारी नोकर. वर्तमानपत्राशी बोलायला वरून परवानगी लागते. एखादे वाक्य तोडून मथळा केला जातो आणि मग खुलासे देत बसावे लागते. प्रबंधाला बढती आहे, पंचायतीच्या सभेला नाही. पण या अडचणी तुम्ही उघडपणे मांडा, आम्ही तुमच्या बाजूने बोलू. आमच्या भीतीच्या नावावर त्या खपवू नका.

मागण्या साध्या आहेत. जो अंदाज सांगाल तो पूर्ण सांगा: बहुधा काय होईल, वाईटात वाईट काय नाकारता येत नाही, आणि यातले तुम्हाला किती खात्रीने ठाऊक आहे. शास्त्रज्ञांत मतभेद असतील तर तेही सांगा. आम्ही गोव्यात मतभेद रोज पचवतो. प्रत्येक इशाऱ्याबरोबर घराने, पंचायतीने आणि सरकारने काय करायचे ते वेगवेगळे लिहा, आणि एखाद्या पातळीवर करण्यासारखे काहीच नसेल तर तसे स्पष्ट म्हणा. निवेदन काढण्याआधी ते एखाद्या रापण ओढणाऱ्या मच्छीमाराला, आरोग्य केंद्रातल्या नर्सला, बांध सांभाळणाऱ्याला वाचून दाखवा, आणि मराठीत व कोकणीत इंग्रजीबरोबरच, त्याच दिवशी काढा. वर्षातून एकदा प्रत्येक तालुक्यात या आणि गेल्या वर्षी सांगितलेल्यातले काय बदलले, काय चुकले ते सांगा. शेवटची मागणी तुमच्या वरिष्ठांकडे: या कामाला वेळ आणि परवानगी द्या, ते नोकरीच्या मूल्यमापनात धरा.

सुरुवात आमच्याकडून करता येईल. आमच्या विद्यालयाचे सभागृह शनिवारी दुपारी मोकळे असते. प्रोजेक्टर आहे, वीज गेली तर इन्व्हर्टर आहे. पंच, शेतकरी, मच्छीमार आणि पालक यांना बोलावण्याचे काम माझ्याकडे. तारीख मात्र चतुर्थीच्या आधीची द्या. ते दिवस सुरू झाले की इथे सभेला कोणी सापडत नाही.

आपली नम्र,
एक विज्ञान शिक्षिका
पेडणे, गोवा